सगळ्यात भारी धातू कोणता? आधी काम सांगा!



होस्टेलवरचे काही वाद कधीच मिटत नाहीत. मेसची आमटी जास्त पातळ की चहा, हा पहिला. सचिन की विराट, हा दुसरा. आणि रात्री एकनंतर, कुणाचंच सबमिशन पूर्ण नसताना हमखास निघणारा तिसरा वाद म्हणजे ‘जगातला सगळ्यात मजबूत धातू कोणता?’ एक जण टायटॅनियम म्हणतो, कारण त्याच्या घड्याळाच्या मागे तसं लिहिलेलं असतं. दुसरा टंगस्टन म्हणतो, कारण त्यानं कुठल्याशा व्हिडिओत बघितलेलं असतं. तिसरा सिव्हिलवाला असेल तर ‘पोलाद’ एवढं म्हणून कूस बदलतो आणि झोपतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘सगळ्यात चांगलं वाहन कोणतं’ असं विचारण्यासारखाच. ट्रॅक्टर की स्कूटर? अहो, आधी नांगरायचंय की कॉलेजला यायचंय ते तरी सांगा! पण हा नुसता रिकामटेकडा वाद असता तर त्यावर लेख लिहिला नसता. हाच अर्धवट प्रश्न आपल्या व्हायवात विचारला जातो, सळईच्या जाहिरातीत विचारला जातो आणि पुढे साइटवर निर्णय घेतानाही विचारला जातो. तिथे मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

‘मजबूत’ या एका शब्दात आपण किती गोष्टी कोंबतो ते बघू. मेसमधला एक चमचा घ्या (मावशींना विचारून!). दोन बोटांनी हलकेच दाबा. तो किंचित वाकतो आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होतो. किती वाकणार ते ठरवतो धातूचा ताठरपणा, म्हणजे आपला यंग्ज मॉड्युलस. आता जोर लावा. चमचा वाकतो आणि वाकलेलाच राहतो. ती हद्द म्हणजे यील्ड स्ट्रेंथ. तुटेपर्यंत ओढला तर अल्टिमेट स्ट्रेंथ. खिळ्यानं ओरखडा उठतो का, ते ठरवतो कठीणपणा. हातोडा मारल्यावर तुकडा पडतो की नुसता पोचा येतो, ते ठरवतो चिवटपणा. आणि तोच चमचा हजारो वेळा थोडा थोडा वाकवत राहिलात तर कधी तुटेल, ते ठरवतो फटीग. एका चमच्याच्या सहा परीक्षा झाल्या. आता सांगा, सहाही विषयांत पहिला येणारा धातू कोणता? असा टॉपर अजून जन्माला यायचाय.

गंमत म्हणजे यातल्या पहिल्या दोन विषयांची गल्लत आपण फायनल इयरपर्यंत करत राहतो. साधं माइल्ड स्टील साधारण २५० मेगापास्कलला यील्ड होतं. चांगलं स्प्रिंग स्टील त्याच्या चार-पाच पट ताण सहज घेतं. पण यंग्ज मॉड्युलस? दोन्हींचा जवळजवळ सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. म्हणजे एखादा बीम भाराखाली जास्त झोल खातोय म्हणून तुम्ही त्याच मापात भारी ग्रेडचं महाग पोलाद आणलंत, तर पैसे जातील आणि झोल तसाच राहील. तिथे बीमची उंची वाढवायला हवी. ताकद आणि ताठरपणा या सख्ख्या बहिणी नाहीत, फार तर शेजारणी आहेत.

आता पोलाद विरुद्ध अ‍ॅल्युमिनियम हा जुना सामना लावू. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस २००, अ‍ॅल्युमिनियमचा ७० गिगापास्कल. सारख्याच मापाच्या दोन भरीव दांड्या घेतल्या तर पोलादाची दांडी जवळजवळ तिप्पट ताठ. पोलाद जिंकलं! थांबा. आता सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच *वजनाच्या* दोन दांड्या घ्या. पोलादाची घनता ७.८५, अ‍ॅल्युमिनियमची २.७. त्यामुळे तेवढ्याच वजनात अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीचं क्षेत्रफळ २.९ पट होतं. भरीव गोल दांडीचा मोमेंट ऑफ इनर्शिया क्षेत्रफळाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे जवळजवळ साडेआठ पट. त्याला ७० भागिले २०० नं गुणा. वाकण्याच्या बाबतीत अ‍ॅल्युमिनियमची दांडी पोलादाच्या सुमारे तिप्पट ताठ निघते! त्याच दोन धातूंत एकदा हा तिप्पट, एकदा तो तिप्पट. बदललं काय? फक्त प्रश्न. जागा मर्यादित असेल तर पोलाद, वजन मर्यादित असेल तर अ‍ॅल्युमिनियम. विमानाचे पंख आणि आपल्या होस्टेलचे पलंग वेगवेगळ्या धातूंचे का असतात, त्याचं एक मोठं कारण इथेच आहे. (दुसरं कारण बजेट. ते रेक्टर सरांना विचारा.)

यातच आणखी एक मजा आहे. वाकवण्याऐवजी नुसतं ओढायचं असेल तर मॉड्युलस भागिले घनता एवढंच बघायचं. पोलाद २५ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम २६, टायटॅनियम २४, मॅग्नेशियम २६. चार वेगवेगळे धातू, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि आकडा जवळपास एकच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडला की काय म्हणून पुन्हा गणित केलं होतं.

टायटॅनियमवाल्यांसाठी दोन शब्द. विमानात आणि हाडांच्या रॉडमध्ये वापरतात तो त्याचा नेहमीचा मिश्रधातू सुमारे ९५० मेगापास्कलला तुटतो आणि त्याची घनता ४.४३. भारीच आहे, वाद नाही. पण फ्लायओव्हरच्या गर्डरमध्ये ज्या प्रीस्ट्रेसिंगच्या तारा ओढलेल्या असतात त्या साध्या कार्बन पोलादाच्या असतात आणि १८६० मेगापास्कलपर्यंत जातात. वजनाच्या हिशेबानं पाहिलं तरी ती तार टायटॅनियमच्या थोडी पुढेच. मग विमान तारेचं का बनवत नाहीत? कारण ती ताकद बारीक तार खेचून आणलेली आहे. तिचा जाड ठोकळा तसाच मिळत नाही, आणि ती गंजते. शिवाय टायटॅनियमची गंज न चढण्याची, शरीरात निमूट राहण्याची ताकद या आकड्यांत कुठेच दिसत नाही. आणि टंगस्टन? वितळतो ३४२२ अंशांना, बल्बच्या फिलॅमेंटसाठी त्याला तोड नाही. पण नेहमीच्या तापमानाला तो ठिसूळ आणि घनता १९.३, जवळजवळ सोन्याइतकी. त्याची सायकल बनवलीत तर ती ढकलायलाच दोन मित्र लागतील.

दुसरा मुद्दा. ‘अ‍ॅल्युमिनियम’ असा एक धातू नसतोच मुळी! शुद्ध, मऊ केलेलं अ‍ॅल्युमिनियम ३० मेगापास्कलच्या आसपास वाकतं. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं घालून, उष्णतेची प्रक्रिया केलेलं ७०७५-टी६ हे विमानातलं अ‍ॅल्युमिनियम जवळपास ५०० पर्यंत तग धरतं, म्हणजे आपल्या माइल्ड स्टीलच्या दुप्पट. नाव एकच, ताकदीत पंधरा-सोळा पटींचा फरक. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म या संशोधकाच्या लक्षात आलं की तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून एकदम गार केलं आणि काही दिवस नुसतं पडू दिलं, तर ते आपोआप कठीण होत जातं. त्यातूनच ड्युराल्युमिन आलं. मटेरियल तेच, अणू तेच. बदलली फक्त आतली मांडणी.

हे आपल्याकडच्या लोहाराला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. विळ्याला ‘पाणी पाजणं’ म्हणजे दुसरं काय? पातं लाल करून, धारेकडची बाजू पाण्यात बुडवून कठीण करायची आणि पाठीकडची बाजू मऊ ठेवायची. धार टिकते आणि विळा मोडतही नाही. एकाच तुकड्यात दोन ‘धातू’! तुम्हाला खोलीतच प्रयोग करायचा असेल तर जाडसर तांब्याच्या तारेचा तुकडा घ्या, वाकवा आणि पुन्हा सरळ करायला जा. वाकलेली जागा नीट सरळ होतच नाही, शेजारची जागा वाकते. कारण वाकवता वाकवता तुम्हीच ती जागा कठीण करून ठेवलेली असते. म्हणून ‘तांब्याची स्ट्रेंथ किती?’ या प्रश्नाचं योग्य उत्तर एकच: ‘सर, कोणत्या अवस्थेतल्या तांब्याची?’ (हे व्हायवात आपापल्या जबाबदारीवर म्हणावं.)

आता जरा गंभीर होऊ. जास्त मजबूत म्हणजे जास्त सुरक्षित, हा आपला सगळ्यात धोकादायक गैरसमज. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत शेनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, जागच्या जागी दोन तुकडे होऊन मोडलं. ना वादळ, ना टक्कर. थंडीत ते पोलाद ठिसूळ होत होतं, त्यात वेल्डिंगचे दोष आणि एका जागी एकवटलेला ताण. नेहमीच्या तापमानाला ओढून बघितलं असतं तर त्याच पोलादानं बरे आकडे दिले असते. आपण जर्नलमध्ये शार्पी आणि आयझॉडच्या टेस्ट ‘एक एक्स्पेरिमेंट कमी झाला असता तर बरं’ असं म्हणत उरकतो ना, त्या टेस्टमागे अशी मोडलेली जहाजं आहेत.

दुसरं उदाहरण ओहायो नदीवरच्या सिल्व्हर ब्रिजचं. १९२८ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. साखळीला टांगलेला पूल, आणि साखळीचे दुवे नेहमीपेक्षा जास्त ताकदीच्या, उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाचे. पोलाद एवढं मजबूत, मग जास्त पट्ट्या कशाला? म्हणून प्रत्येक दुव्यात फक्त दोन पट्ट्या. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, त्यातली एक पट्टी तुटली. तिच्या डोळ्याजवळ सुमारे अडीच मिलिमीटर खोल चीर वाढत गेली होती, आणि ती अशा जागी की जोड सोडवल्याशिवाय दिसणार नाही. पूर्ण पूल कोसळला, ४६ माणसं गेली. साध्या पोलादाच्या चार पट्ट्या असत्या तर एक तुटल्यावर बाकीच्यांना भार पेलायची संधी तरी मिळाली असती. इथे पोलाद कमजोर नव्हतं. त्याच्या ताकदीवर विसंबून बाकीचे प्रश्न विचारायचेच राहून गेले.

हे लांबचं वाटतंय? मग आपल्या साइटवर या. घर बांधणारा माणूस दुकानात विचारतो, ‘सगळ्यात मजबूत सळई कोणती?’ दुकानदार सांगतो, ‘पाचशे पन्नास घ्या.’ आकडा मोठा म्हणजे माल भारी! पण आयएस १७८६ उघडून बघा. एफई ५०० सळई तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबली पाहिजे, एफई ५५० किमान १०, आणि एफई ५००डी किमान १६. यातला ‘डी’ म्हणजे डक्टाइल, तन्य. भूकंपात इमारत हलते तेव्हा सळईनं नुसतं ताठ उभं राहायचं नसतं. तिनं लांबायचं असतं, ऊर्जा गिळायची असते, तडे दाखवून आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ द्यायचा असतो. म्हणूनच भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० मध्ये सळईच्या लांबण्यावरही अट आहे. कोयना १९६७, किल्लारी १९९३. आपल्या राज्याला हा विषय परका नाही. न वाकणारं ते भारी, असं आपली म्हण म्हणू दे. सळईच्या बाबतीत वाकून उभं राहणारं भारी.

गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिपला एका साइटवर होतो. नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं. सळईची गाडी आली, खाली झाली, आणि सोबतचं टेस्ट सर्टिफिकेट फाइलला लागलं. आठवड्यानं दुसरी गाडी आली, त्याच सर्टिफिकेटची झेरॉक्स फाइलला लागली. हीट नंबर तोच, तारीख तीच. मी विचारलं तर सुपरवायझर काका हसून म्हणाले, ‘अरे बाळा, आकडे सगळीकडे सारखेच येतात. तुमच्या कॉलेजात वेगळे येतात का?’

खरं सांगतो, या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण आपल्या कॉलेजातही आकडे सारखेच येतात! मागच्या वर्षीच्या जर्नलची पीडीएफ ग्रुपवर येते आणि साठ जणांच्या साठ सळया एकाच भाराला यील्ड होतात, दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत. निसर्गात असं होत नाही, राव. एकाच सळईचे तीन तुकडे ओढले तरी तीन रीडिंग येतात. त्या तिन्हींमधला फरक हीसुद्धा माहितीच असते, आणि नेमकी तीच आपण कॉपी करताना पुसून टाकतो. साइटवरची ती झेरॉक्स कुठे शिकली असेल, याचा शोध फार लांब घ्यायला नको.

बाजू दुसरीही आहे, ती नाकारत नाही. मशीन एक, बॅच मोठी, लॅबमधले काका एकटे, सरांवर पेपर तपासणीपासून अ‍ॅडमिशनपर्यंतची कामं, आणि टर्म तर सुरू होते न होते तोच संपते. सगळ्यांनी सगळं करायचं म्हटलं तर वर्ष पुरणार नाही. पण सगळ्यांनी काहीच न करणं हा त्यावरचा इलाज नव्हे. रीडिंग कॉपी करणाऱ्याचा मार्क जात नाही, जातं ते वेगळंच. माइल्ड स्टीलची मान बारीक होताना बघायची राहते, तुटताना होणारा तो ‘धाड्’ आवाज ऐकायचा राहतो, तुटलेल्या टोकाची वाटी आणि शंकू बोटांनी चाचपायचा राहतो. बिडाचा तुकडा काहीही न सांगता सपाट तुटतो. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की ‘ठिसूळ’ शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. हे बीड वाईट म्हणून नव्हे हं. तेच बीड दाबलं तर ओढण्याच्या तीन-चार पट भार घेतं, म्हणून तर मशीनचे बेड त्याचे असतात आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्या त्यावर उभ्या आहेत. पुन्हा तेच, काम सांगा!

लंडनमध्ये डेव्हिड किर्काल्डी नावाच्या गृहस्थानं धातू तपासण्याची स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. १८७४ पासून ती साउथवर्क स्ट्रीटवरच्या इमारतीत होती. दारावर त्यानं दगडात कोरून घेतलं होतं, की इथे मतं नकोत, वस्तुस्थिती हवी. आता मीच इथे मतं मांडतोय, त्यामुळे किर्काल्डीसाहेबांनी मला आत घेतलं नसतं. तरी त्याच्या दाराबाहेर उभं राहून तीन सूचना करतो. सर, मॅडम आणि मित्रांनो, बघा पटतात का.

पहिली, प्रत्येक बॅचनं निदान एक नमुना स्वतःचा आणावा. बांधकामावरचा सळईचा तुकडा, सायकलचा स्पोक, भंगारातली पट्टी, काहीही. मशीनच्या जबड्यात बसेल का ते काकांना विचारून, आणि तुकडा उडू नये म्हणून जाळी लावून. अशा नमुन्याचं उत्तर कुठल्याच पीडीएफमध्ये नसेल.

दुसरी, ‘चुकीच्या’ रीडिंगचा मार्क कापू नये. उलट आकडा वेगळा का आला, यावर दोन ओळी लिहिणाऱ्याला एक मार्क जास्त द्यावा. आकडा पुस्तकाशी जुळवण्याची सवय तिथेच मोडेल.

तिसरी, ओरलला ‘सगळ्यात स्ट्राँग मटेरियल कोणतं?’ असं विचारणं बंद करावं. त्याऐवजी एखादं काम द्यावं. ‘प्रेशर कुकरला कोणता धातू घ्याल? रेल्वेच्या रुळाला? मंदिराच्या घंटेला?’ आणि ‘का?’ असं विचारावं. उत्तर पाठ करता येणार नाही, विचारच करावा लागेल.

आणि मशीन बंद असेल, लॅबला कुलूप असेल, तरी निमित्त सांगू नका. वर्गातला खडू घ्या आणि दोन हातांनी पिळा. तो आडवा तुटत नाही, साधारण ४५ अंशांत तिरका, मळसूत्रासारखा तुटतो. बिडाची दांडीही टॉर्शन टेस्टमध्ये तशीच तुटते आणि माइल्ड स्टीलची मात्र सरळ आडवी. का? हे इथे सांगणार नाही. आज रात्री एकनंतर वादाला विषय हवाच आहे ना!

— तृतीय वर्ष, स्थापत्य